मळ्यावरची काच

भंगारात काच सगळ्यात शेवटी येते. एखादी चाळ किंवा बंगला ओस पडला की आधी लोखंड जातं, मग तांबं-पितळ, मग दारं-खिडक्यांचं सागवान, मग पत्रे, आणि शेवटी भिंती पाडून विटा. काच जड, हात कापणारी, आणि फुटक्या काचेला किलोमागे भाव इतका थोडा की तिचं पोतं उचलायला फेरीवाला तयार होत नाही. सगळं गेल्यावर जागेवर राहते ती काच. श्रीरामपुरात वडिलांच्या भंगाराच्या दुकानात बसायला लागलो तेव्हापासून हा क्रम पाहत आलोय. हरेगाव, टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी, चांगदेवनगर या साखर कारखान्यांच्या मळ्यांवरचा जुना काळ मला कळला तो बराचसा या मागे राहिलेल्या काचेतूनच.

नगर जिल्ह्यात खाणी नाहीत. एका धंद्यावर उभं राहायचं आणि तो संपला की ओस पडायचं, हे जगभर खाणींच्या गावांच्या नशिबी येतं. विदर्भात वरोऱ्याची कोळशाची खाण 1906 साली बंद झाली. कोलारच्या सोन्याच्या खाणी 2001 साली बंद झाल्या आणि कामगारांच्या वस्त्या, दवाखाने, क्लब मागे राहिले. अमेरिकेत कॅलिफोर्नियातलं बोडी नावाचं सोन्याच्या खाणीचं ओसाड गाव 1962 पासून सरकारी संरक्षणाखाली आहे. तिथली कोणतीही वस्तू उचलायला बंदी आहे. इतर ठिकाणी मात्र जुन्या बाटल्यांचे हौशी लोक बुजलेले संडासाचे खड्डे शोधून उकरतात, कारण त्या काळी घरातला कचरा त्याच खड्ड्यांत जायचा. आमच्याकडे अशी गावं उसानं वसवली.

भंडारदऱ्याचं धरण 1910 ते 1926 या काळात बांधलं गेलं. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेले प्रवरेचे डावा आणि उजवा कालवे बाजरीच्या कोरड्या मुलखातून फिरले. पाणी येणार हे दिसताच 1918 च्या सुमारास उंदीरगाव, माळवाडगाव, खानापूर अशा नऊ गावांतल्या शेतकऱ्यांच्या सात हजार एकरांवर जमिनी सरकारनं घेतल्या आणि त्या बेलापूर कंपनीकडे गेल्या. त्या ‘आकारी पडीत’ जमिनींसाठी या गावांच्या पुढच्या पिढ्या भांडत आल्या आहेत. हरेगावला कंपनीचा साखर कारखाना उभा राहिला. पुढे 1930 च्या दशकात डहाणूकरांनी टिळकनगर वसवलं, कोपरगावच्या बाजूला सोमय्यांचे कारखाने आले. मग 1950 साली लोणीला शेतकऱ्यांचा स्वतःचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि उसाच्या राजकारणाची दिशाच बदलली. 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला, खासगी कारखान्यांच्या जमिनी सरकारकडे गेल्या आणि त्या कसण्यासाठी 1963 साली शेती महामंडळ स्थापन झालं. कंपनीचे नोकर महामंडळाचे नोकर झाले. घरं तीच, चाळी त्याच, हजेरीची वेळ तीच. पुढे खंडकऱ्यांना, म्हणजे ज्यांनी कारखान्यांना खंडानं जमिनी दिल्या होत्या त्या शेतकऱ्यांना, जमिनी परत मिळू लागल्या, हरेगावचा कारखाना बंद पडला, महामंडळाची स्वतःची शेती आटत गेली आणि माणसं एकेक करून निघाली.

मळ्याची वस्ती कशी बसवलेली असते हे पाहिलं नसेल त्याला सांगायला हवं. कारखान्याजवळ, झाडीत, साहेबांचे बंगले. उंच जोतं, चारी बाजूंनी व्हरांडा, मागं आउटहाउस. त्यापलीकडं क्लार्क आणि मिस्त्री लोकांची बैठी घरं. मग दवाखाना, शाळा, गोदाम. आणि लांब उसात, नंबरांनी ओळखल्या जाणाऱ्या वाड्या. तिथं शेतमजुरांच्या एकेका खोलीच्या चाळी, समोर ओटा, मध्ये एक विहीर. पाथर्डी-शेवगावकडून, मराठवाड्यातून दुष्काळानं हलवलेली माणसं इथं येऊन राहिली. त्यातल्या बऱ्याच घरांनी ख्रिस्ती धर्म घेतला. सप्टेंबरमध्ये हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हा पुणे-मुंबईला गेलेली त्यांची नातवंडं गाड्या करून येतात आणि त्यातले काही जण आजोबांची खोली शोधत वाडीपर्यंत जातात. तिथं त्यांना चौथरा सापडतो, कधी तोही नाही.

माझ्याकडे बाटल्या येतात त्या फेरीवाल्यांच्या हातून, विटा काढणाऱ्या मजुरांकडून, आणि शेत नांगरताना सापडलं म्हणून पिशवीत घालून आणणाऱ्या शेतकऱ्यांकडून. माझी एकच अट असते. नेमकं कुठं सापडलं ते सांगायचं. बंगल्यामागं की चाळीमागं, विहिरीच्या कोणत्या अंगाला, किती खाली, सोबत आणखी काय होतं. ज्याला सांगता येतं त्याला नगावर पैसे, नाही त्याला किलोवर. एका जुन्या फेरीवाल्यानं सुरुवातीला वाद घातला. “शेठ, बाटली ती बाटली. कुठली का असंना!” पुढं तोच सायकल थांबवून जागा दाखवायला मला घेऊन जायला लागला. सांगितलेलं सगळं मी वहीत उतरवतो आणि जमेल तेव्हा स्वतः जाऊन खात्री करतो. माझी खात्री अशी आहे की जागेची नोंद गेली तर वस्तूचं तीन चतुर्थांश मोल गेलं. उरलेल्या एक चतुर्थांशाला बाजारात गिऱ्हाईक मिळतं म्हणून आपली फसगत होते.

बाटली वाचायला शिकता येतं. ती उन्हात आडवी धरायची आणि साच्याचा शिवणीसारखा उंचवटा बोटानं तळापासून वर चाचपत जायचा. तो मानेवर, ओठाच्या खाली संपला तर तोंड हातानं घडवलेलं. अगदी ओठावरून पलीकडं गेला तर बाटली पूर्ण यंत्रावर झालेली. अमेरिकेत ओवेन्सचं स्वयंचलित यंत्र 1903 च्या सुमारास आलं, पण आपल्याकडं हातानं तोंड घडवलेल्या बाटल्या त्यानंतरही बरीच वर्षं चालल्या. त्यामुळं एवढ्यावरून साल ठरवण्याची घाई करू नये. काचेत बुडबुडे दिसतात, तळ वाकडा असतो, रंगात हिरवट छटा असते. ती वाळूतल्या लोखंडाची. हिरवट छटा घालवायला मॅंगनीज घातलेली पांढरी काच वर्षानुवर्षं उन्हात पडली तर फिकट जांभळी होते. अशी एक बाटली बांधावर पालथी सापडली. मातीत रुतलेली अर्धी बाजू पांढरी आणि वरची अर्धी जांभळी. नांगर एकदाही तिथून गेला नव्हता, हे त्या काचेनंच सांगितलं.

गोटी सोड्याची बाटली सगळ्यांच्या ओळखीची. हायरम कॉड या इंग्रजानं 1872 साली तिचं पेटंट घेतलं. मानेत काचेची गोटी, ओठाच्या आत रबराचं कडं. वायूचा दाब गोटीला वर दाबून तोंड बंद करतो. गोटी खाली पडू नये म्हणून मान मध्येच चिमटलेली, आणि ओतताना गोटी अडावी म्हणून एका बाजूला दोन खळगे. वाड्यांवर अशा बाटल्या अख्ख्या मिळत नाहीत. मानेपासून नेमक्या फोडलेल्या मिळतात, आत गोटी नसते. चाळीतल्या पोरांनी गोट्या खेळायला काढून घेतलेल्या. बंगल्यामागं मात्र गोटीसकट बाटली निघते. तिथल्या पोरांना गोट्या विकत मिळत असाव्यात, असं मी धरून चालतो.

बंगल्यामागचा कचरा आणि चाळीमागचा कचरा यांत असलेलं अंतर मी वहीत पानापानांवर लिहिलं आहे. साहेबाच्या बंगल्यामागं झिलई दिलेल्या चिनीमातीच्या जाड बाटल्या निघतात, जिंजर बिअरच्या. गडद हिरव्या, तळ आत दबलेल्या दारूच्या बाटल्या, कापून घडवलेली अत्तराची काच, चिनीमातीच्या बश्यांचे निळ्या नक्षीचे तुकडे. क्लार्कांच्या घरांमागं शाईच्या दौती, अमृतांजनाच्या लहान बाटल्या, लोणच्याच्या बरण्यांची झाकणं. वाड्यांवर काच मुळातच कमी. रॉकेलच्या चिमणीसाठी वापरलेल्या औषधाच्या बाटल्या, बुचाला भोक पाडून वात घातलेल्या. कंदिलाच्या काचांचे पातळ तुकडे. त्यातले किती तळेगावच्या पैसा फंड कारखान्यातले आणि किती ओगलेवाडीचे, हे तुकड्यावरून कळत नाही. पण लोकांनी एकेक पैसा देऊन जमवलेल्या निधीतून 1908 साली तळेगावला काच ओतली गेली, 1916 साली कऱ्हाडजवळ ओगल्यांनी कारखाना काढला आणि त्यांचा प्रभाकर कंदील महाराष्ट्रभर घराघरांत टांगला गेला, हे मला ते तुकडे हातात घेताना आठवतंच. एका वाडीवर प्रभाकरची पत्र्याची टाकी मिळाली, नाव वाचता येण्याइतकी शाबूत. गंजानं उरलेलं सगळं खाल्लं होतं.

बंगल्यामागच्या ढिगात एका थरानंतर दारूच्या बाटल्या अचानक कमी होतात आणि टिंक्चरच्या लहान तपकिरी बाटल्या वाढतात. तो थर 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतरचा असावा. त्या काळात टिंक्चर औषध म्हणून विकलं जायचं आणि दारू म्हणून प्यायलं जायचं. कागदोपत्री नोंद नसलेली गोष्ट कचऱ्यानं सांभाळली. हे मला या कामातलं सगळ्यात मोठं समाधान वाटतं.

एका बाटलीबद्दल सविस्तर लिहिलं पाहिजे. ती मातीत नव्हती. एका चाळीची मधली भिंत पाडताना खोलीच्या कोनाड्यात सापडली. वर विटेचा तुकडा लावून कोनाडा बुजवलेला. चपटी, साधी पांढरी बाटली, अंगावर एकही अक्षर नाही. सरकारी आणि कारखान्यांच्या दवाखान्यांत कंपाउंडर ज्यात मिक्श्चर भरून द्यायचे, तसली. बाजूला कागदाची उभी पट्टी खळीनं चिकटवलेली, आणि पट्टीच्या कडेला कातरीनं पाडलेल्या खाचा. एक खाच म्हणजे एक डोस. पेशंटला वाचता येत नसलं तरी खाचेपर्यंत प्यायचं, हे कळायचं. मातीत असा कागद एक पावसाळा टिकत नाही. कोनाड्यात तो टिकला होता, झुरळांनी कडा कुरतडल्या तरी. सहा खाचा होत्या. आत औषध आटून तपकिरी खपली झालेली आणि काचेवर खालून चौथ्या खाचेपाशी वर्तुळ उमटलेलं. म्हणजे दोनच डोस घेतले गेले होते.

मी ती बाटली त्या वाडीवर जन्म काढलेल्या एका आजींकडे घेऊन गेलो. मला वाटत होतं, कुणी आजारातून उठलं नसावं आणि बाटली तशीच राहिली असावी. आजींनी हातात घेतली, बूच काढून वास घेतला, वास कसलाच नव्हता. मग म्हणाल्या, “आरं लेकरा, हे कुणी मेल्याचं न्हाई. हे ठिवलेलं औषध हाये.” त्यांनी सांगितलं ते असं. कालवा आल्यापासून मळ्यावर डास आणि हिवताप कायमचा. दवाखाना कारखान्यापाशी, वाडी लांब, आणि जायचं तर अर्ध्या दिवसाची हजेरी जायची. म्हणून ताप उतरला की उरलेलं औषध बूच घट्ट लावून ठेवायचं, पुढं घरात ज्याला ताप येईल त्याला पाजायचं. कडू इतकं की पोरं लपून बसायची. “दोन डोसात उठायचं आन् कामावर जायचं. उरलेलं घराचं.” कोनाडा विटेनं का बुजवला होता, तेही त्यांनीच सांगितलं. पोरांच्या हाती लागू नये म्हणून.

माझ्या कपाटात तिच्याहून देखण्या बाटल्या आहेत. पण मजुरीचा दर, दवाखान्याचं अंतर, तापाचं येणं-जाणं आणि एका बाईचा घरचा हिशेब हे सगळं एका वस्तूत सापडतं, असं मी दुसऱ्या कोणत्याही बाटलीत पाहिलेलं नाही. ती कोनाड्याऐवजी कुठल्या पोत्यातून आली असती तर मी तिला जुनी औषधाची बाटली म्हणून बाजूला ठेवली असती. आणि संग्राहकाच्या लेखी तिला मोल शून्य. पुण्या-मुंबईहून येणारे लोक अंगावर उठावाची अक्षरं, कंपनीचं नाव, गोटी, निळा रंग विचारतात. साध्या बाटलीकडं कुणी पाहतही नाही.

पितळी बिल्ल्यांचंही तसंच. रुपयाएवढे गोल, वर भोक, मध्ये फक्त आकडा ठोकलेला. चाळींच्या जोत्यांत, ओट्यांच्या भेगांत मिळतात. हजेरीच्या वेळी मुकादमाला दाखवायचे, असं जुने कामगार सांगतात. पितळेच्या भावानं त्यांना काय मिळणार? वजनातही फार भरत नाहीत. हरेगावच्या एका बाबांनी माझ्याकडचे बिल्ले हातानं पसरले, त्यातला एक उचलला आणि म्हणाले, “हा माझ्या चुलत्याचा नंबर.” मी तो त्यांना देऊन टाकला आणि वहीत त्या जागी त्यांच्या चुलत्याचं नाव लिहिलं. बाकीच्या आकड्यांपुढं नावं लिहायची राहिली आहेत आणि सांगणारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत. याच एका कारणासाठी मी दुकान मुलावर सोपवून दुपारी वाड्यांवर फिरतो.

जागेची नोंद किती मोलाची, याचा सगळ्यात मोठा दाखला आमच्याच प्रवरेच्या काठावर आहे. दायमाबाद हे बेचिराग गाव. तिथं पुरातत्त्ववाल्यांचं उत्खनन 1958 साली सुरू झालं. पण तिथले जगप्रसिद्ध धातूचे पुतळे कुणा संशोधकाला मिळाले नाहीत. 1974 साली एका स्थानिक भिल्ल माणसाला झाडाचं खोड खणताना ते सापडले. दोन बैलांचा रथ आणि तो हाकणारा माणूस, रेडा, हत्ती, गेंडा, सगळं मिळून साठ किलोंच्या वर. आज ते मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. पुढं सा. आ. साळींनी तिथं काही वर्षं नीट थर काढत उत्खनन केलं आणि पुतळे उत्तर हडप्पा काळातले ठरवले. संशोधक डी. पी. अगरवाल यांनी धातूतल्या आर्सेनिकचं प्रमाण दाखवून या काळाबद्दल शंका घेतली. पुतळे थरातून निघाले असते तर हा वाद एवढा लांबला नसता. ज्याला ते सापडले त्याचा यात काही दोष नाही. त्यानं मोडीत घातले असते तर आज वाद करायलाही पुतळे नसते. माझ्या धंद्यातल्या माणसांना मी हे नेहमी सांगतो, कारण साठ किलो तांब्याचा मोह काय असतो ते आम्हालाच ठाऊक.

नेवाशाला 1954 पासून पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलियांनी उत्खनन केलं, त्यात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या दोन दांड्यांच्या उंच कुंभांचे तुकडे मिळाले. दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी दारू याच जिल्ह्यात प्रवरेच्या काठी आली होती आणि रिकामे कुंभ इथंच फुटले. खापर होतं म्हणून कुणी नेलं नाही. कोणत्या थरात पडलं ते लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळलं.

कायद्याबद्दल आमच्या लोकांत फार गैरसमज आहेत. 1878 च्या कायद्यानुसार जमिनीत दडलेलं दहा रुपयांवरचं घबाड सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. 1972 च्या पुराणवस्तू कायद्यात शंभर वर्षं जुनी वस्तू पुराणवस्तू ठरू शकते, आणि तिचा व्यापार करायला परवाना लागतो. कंपनीच्या पहिल्या वर्षांतल्या बाटल्या आता शंभरी गाठत आहेत. म्हणून मी मळ्यावरची कोणतीही वस्तू विकत नाही, परगावी पाठवत नाही. महामंडळाच्या जागेत राखणदाराला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही. आणि खणत तर मुळीच नाही. वर आलेलं, पाडताना निघालेलं, नांगरानं उलथलेलं तेवढंच. खणायचं काम ज्यांना थर वाचता येतात त्यांचं आहे, आणि वाड्यांवरचे उकिरडे त्यांच्यासाठी न उकरता राहायला हवेत.

ते राहतील का, हाच आता प्रश्न आहे. जमिनी मोजून वाटल्या जात आहेत, प्लॉट पडत आहेत. पूर्वी चाळ हातानं पाडली जायची, वीट वीट सुटी व्हायची आणि कोनाड्यातली बाटली हाताला लागायची. जेसीबी एका दुपारी अख्खी रांग सपाट करतो आणि राडारोडा भरावाला जातो. म्हणून मी हल्ली पाडकाम करणाऱ्या ठेकेदारांना आधी भेटतो. मागणं मोठं नाही. यंत्र लावण्यापूर्वी एक दिवस द्या, खोल्यांचे नंबर आणि भिंतींचे फोटो घेऊ द्या, कोनाडे तपासू द्या. काही देतात. इतिहास शिकलेली दोन-तीन पोरं सोबत येतात, मोबाइलवर जागेचे अक्षांश-रेखांश टिपतात, मी खडूनं बाटलीच्या पिशवीवर वाडी आणि खोली लिहितो. वहीची एक प्रत गावातल्या ग्रंथालयात ठेवली आहे, कुणीही येऊन बघावी आणि चुकलं असेल तिथं दुरुस्त करावं. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्यांमुळं वाड्यांकडचे रस्ते बंद होतात, त्याआधी उरलेल्या दोन चाळी बघून घ्यायच्या आहेत. त्यातल्या एकीच्या ठेकेदारानं होकार दिला आहे, दुसऱ्याशी बोलणं चालू आहे.